जमैकाचे ‘डब’ आणि आपला ध्वनिक्षेपक

इतिहास म्हटला की तहनामे, स्वाऱ्या आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. जी गोष्ट रोज कानांवर आदळते तिलाही इतिहास असतो, तिच्यामागेही माणसे असतात, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. द्रोणागिरीच्या परिसरात राहणाऱ्यांना याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. संजीवनी घेऊन निघालेल्या हनुमंताच्या हातून पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी या डोंगराची कथा सांगतात. त्याच्या आसमंतात आता सिडकोच्या इमारती उभ्या आहेत, बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची रांग आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये द्रोणागिरी याच नावाचे लोकलचे स्थानकही सुरू झाले. पण लग्नसराईत जवळच्या एखाद्या गावी हळद असली, म्हणजे रात्री त्या गावाचा आवाज या इमारतींच्या काचा हलवतो. ‘डीजे लागला’ असे म्हणून आपण खिडकी लावून घेतो. गाण्याचे शब्द तेवढे बाहेर राहतात. खालचा धिमा ठोका मात्र भिंतीतून आत येतोच.

असे का होते, याचे उत्तर साधे आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. सेकंदाला पन्नास कंपने असलेल्या खर्जाच्या नादाची एकेक लाट त्यामुळे जवळजवळ सात मीटर लांबीची होते. एवढ्या लांब लाटेला आपल्या घराची पातळ भिंत म्हणजे काहीच नव्हे. हा खर्ज कानांनी ऐकावा त्याहून छातीत जास्त जाणवतो. आज आम्ही ज्या कलेची हकीकत सांगणार आहोत, ती याच खर्जातून जन्मली. तिचे नाव ‘डब’. रेगे हा जमैका बेटावरचा गाण्याबजावण्याचा प्रकार. आणि एकदा मुद्रित झालेले रेगे गीत यंत्रावर पुन्हा उलगडून, त्यातले काही काढून, काही लांबवून त्याचे नवेच रूप घडवणे म्हणजे डब. या कलेतला कलावंत गायक नव्हे की वादकही नव्हे. यंत्रापाशी बसलेला माणूस हा तिचा कलावंत होय.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातले बेट आपल्या रायगड जिल्ह्याच्या साधारण दीडपट आहे. १६५५ मध्ये इंग्रजांनी ते स्पॅनिशांकडून घेतले आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथे उसाचे मळे उभे केले. १८३८ मध्ये गुलामगिरी पुरती संपली. मग मळेवाल्यांनी मजूर कोठून आणावेत? ते हिंदुस्थानातून आणले. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे छत्तीस हजार हिंदी मजूर कराराने बांधून या बेटावर उतरवले गेले. तेव्हा जमैका आपल्याला सर्वस्वी परका आहे, असे समजण्याचे कारण नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बेटाची राजधानी किंग्स्टन खेड्यांतून आलेल्या गरीब माणसांनी भरून गेली. त्यांना रविवारी नाचायला हवे होते. परंतु वाद्यवृंद बोलावण्याची ऐपत नव्हती. ही उणीव दुकानदारांनी भरून काढली. एखादा हार्डवेअरचा व्यापारी, एखादा दारूच्या दुकानाचा मालक, कपाटाएवढे लाकडी खोके सुतारांकडून करून घेई, त्यांत ध्वनिक्षेपक बसवी, आणि मोकळ्या अंगणात अमेरिकन तबकड्या लावी. या साऱ्या सरंजामाला ‘साउंड सिस्टिम’ म्हणू लागले. टॉम वाँग हे पहिल्यांपैकी एक. त्यांच्यामागून पूर्वी पोलिसात असलेले ड्यूक रीड आणि क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड आले. त्यांच्यातली चुरस मोठी कडवी होती. आपली लोकप्रिय तबकडी कोणती हे दुसऱ्याला कळू नये, म्हणून तबकडीवरचे नाव खरवडून टाकीत. आपल्या जुन्या उस्तादांनी घराण्याची चीज लपवून ठेवावी, तसाच हा प्रकार! पुढे अमेरिकेहून मनासारख्या तबकड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा हेच लोक स्वतः ध्वनिमुद्रण करू लागले. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला, त्या सुमारास ‘स्का’ नावाची जलद चाल रूढ होती. तिची गती उतरत गेली आणि १९६८ च्या आसपास रेगे अवतरले.

डबच्या जन्माची कथा एका चुकीपासून सुरू होते असे सांगतात. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउन या गावचा एक साउंडवाला ड्यूक रीडच्या स्टुडिओत तबकडी कापून घ्यायला गेला. यंत्र चालवणाऱ्याच्या हातून गायकाचा आवाज त्या प्रतीत घालायचा राहून गेला. साउंडवाल्याने ती तबकडी तशीच नेली आणि रात्री नाचात लावली. आधी गाणे, मग लगेच त्याचे हे बिनआवाजी रूप. गर्दीला शब्द पाठ होतेच. ती स्वतःच गाऊ लागली. तेव्हापासून तबकडीच्या पाठीमागच्या बाजूस गाण्याचे ‘व्हर्जन’, म्हणजे बिनआवाजी रूप, देण्याची प्रथा पडली. त्या मोकळ्या जागेत निवेदक बोलू लागले. यू-रॉय यांच्यासारख्यांनी त्या बोलण्याला तालबद्ध कवनाचे रूप दिले. एकाच्या चुकीतून दुसऱ्याला जागा मिळाली, आणि त्या जागेत नवी कला उगवली.

या कलेला शास्त्र दिले ते ऑस्बोर्न रडक या गृहस्थाने. त्यांचा जन्म १९४१ चा. जग त्यांना ‘किंग टबी’ या नावाने ओळखते. त्यांचा मूळ धंदा रेडिओ आणि ध्वनिवर्धक दुरुस्त करण्याचा. किंग्स्टनच्या वॉटरहाउस या गरीब वस्तीत आपल्या घरातच त्यांनी छोटा स्टुडिओ थाटला. १९७२ च्या सुमारास एका मोठ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार पट्ट्यांचा जुना मिक्सर विकत घेतला. चार पट्ट्या म्हणजे ढोल एकीकडे, खर्ज दुसरीकडे, बाकीची वाद्ये तिसरीकडे, आवाज चौथीकडे. प्रत्येकीला सरकती कळ. टबी करीत ते एवढेच की गाणे चालू असताना या कळा खालीवर करीत. आवाजाचा एक तुकडा येई, प्रतिध्वनीत विरून जाई; मग सगळे नाहीसे होऊन फक्त ढोल आणि खर्ज उरे; मग खर्जही जाई, श्रोत्याला पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटे, आणि दोनचार मात्रांनी तो परत आला की सारे अंगण हलून जाई. हे सर्व एका बैठकीत, हातासरशी चाले. दुसऱ्या वेळी तेच गाणे निराळे निघे. एकाच बंदिशीची दर मैफलीत निराळी बढत व्हावी तसे हे होते. वाद्य मात्र येथे मिक्सर होते.

आम्हांस या कलेत सर्वांत मोलाची वाटते ती तिची वजाबाकी. नेहमीची समजूत अशी की संगीत म्हणजे भर घालणे. अधिक वाद्ये, अधिक आवाज, अधिक वेग. टबी यांनी दाखवले की काढून घेण्यानेही संगीत घडते. आपल्याला हे तत्त्व नवे वाटू नये. तबल्यावर तीनताल वाजतो, त्याच्या सोळा मात्रांत नववी मात्रा खाली असते. तेथे काय होते? बायाँचा घुमारा थांबतो, ‘धिं’ च्या जागी ‘तिं’ येते, म्हणजे खर्ज काढून घेतला जातो. खर्ज गेला म्हणूनच ऐकणाऱ्याला आवर्तनात आपण कोठे आहोत ते कळते, आणि सम आली की मान हलते. खाली नसती तर समेला किंमत उरली नसती. किंग टबी यांना तीनताल ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु समुद्रापलीकडच्या त्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने आपल्या वाटेने खालीचाच शोध लावला होता.

येथून पुढे ही विद्या झपाट्याने पसरली. १९४८ पासून जमैकन लोक कामधंद्यासाठी इंग्लंडला जात होते. त्यांना गोऱ्यांच्या नाचघरांत सुखाने शिरकाव नव्हता, म्हणून त्यांनी तळघरांत आणि सार्वजनिक सभागृहांत आपापल्या साउंड सिस्टिम उभ्या केल्या. किंग्स्टनहून न्यूयॉर्कला गेलेल्या डीजे कूल हर्क यांनी ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्स भागातल्या एका इमारतीत जो नाच ठेवला, त्यापासून हिप-हॉपचा आरंभ मानतात. १९९० नंतर लंडनमध्ये ‘जंगल’ हा प्रकार निघाला. त्यात ढोल दुप्पट वेगाने आणि खाली रेगेचा संथ खर्ज. २००० च्या आसपास दक्षिण लंडनमधील क्रॉयडन भागात ‘डबस्टेप’ आले. त्यात मिनिटाला सुमारे १४० ठोके धरलेले, पण चाल निम्म्या लयीची, आणि मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा. आज जगभर तरुण मंडळी संगणकावर जे नाचाचे संगीत रचतात, त्यात डबचा अंश नाही असे क्वचितच सापडेल. २०१८ मध्ये युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

या वंशावळीतली एक घटना आपल्या अगदी अंगणातली आहे. १९८५ मध्ये जमैकात ‘स्लेंग टेंग’ ही चाल गाजली. किंग टबी यांचेच शिष्य किंग जॅमी यांनी ती मुद्रित केली होती, आणि तिच्यात नेहमीचा वाद्यवृंद नव्हता. कॅसिओ कंपनीच्या एका स्वस्त, लहान पेटीतला आधीच भरून ठेवलेला ठेका घेऊन तिची गती उतरवलेली होती. तो ठेका हिरोको ओकुदा या जपानी बाईंनी रचलेला. ही कॅसिओची पेटी आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? कोकणात आणि मुंबईत बेंजो पार्टीमध्ये बेंजोच्या शेजारी कॅसिओ बसला आणि मागाहून ऑक्टोपॅड आला. कळांची कोणतीही विजेवरची पेटी म्हणजे ‘कॅसिओ’ असेच आपण म्हणू लागलो. यंत्र तेच आणि ऐपतही तीच. एका बेटाने त्यातून नवा संगीतप्रकार काढला. आपण त्यावर वरात काढली.

पण हे वाक्य लिहिताना आम्हीच थबकतो. आपण काहीच केले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसृष्टीतल्या वादकाने रोलँड कंपनीची तीन नवी विद्युत् वाद्ये जोडून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. ती खपली नाही. पुढे २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या नाचाच्या संगीताशी तिचे साम्य पाहून जाणकार चकित झाले. कारण शिकागोचे ते संगीत तिच्यानंतरचे होते. मराठी कुटुंबात जन्मलेले कर्ष काळे यांचे उदाहरण तर आमच्या विषयाला अधिकच जवळचे आहे. १९७४ मध्ये इंग्लंडात जन्मून ते न्यूयॉर्क राज्यात वाढले. तबला त्यांनी विजेच्या यंत्रांशी जोडला. २००० मध्ये झाकीर हुसेन आणि खर्जाचे वादक बिल लॅसवेल यांच्याबरोबर ‘तबला बीट सायन्स’ या वृंदात ते होते. लॅसवेल हे डबच्या पद्धतीने ध्वनिमुद्रण रचणारे म्हणून प्रसिद्ध आहेत. २००१ मध्ये काळे यांची ‘रियलाइझ’ ही स्वतःची ध्वनिमुद्रिका निघाली. तबल्याची खाली आणि जमैकाची खाली येथे एकमेकींना भेटल्या, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या देशात उद्यान सागर ऊर्फ न्यूक्लिया यांनी डबस्टेपचा जड खर्ज आणि रस्त्यावरच्या बँडबाजाचे आवाज एकत्र केले. २०१५ मध्ये त्यांचा ‘बास रानी’ हा संग्रह आला. गोव्यात २०१६ पासून रेगेचा ‘गोवा सनस्प्लॅश’ हा उत्सवही सुरू झाला.

आता पुन्हा द्रोणागिरीकडे येऊ. हा प्रदेश आगऱ्यांचा आणि कोळ्यांचा. आगर म्हणजे मिठागर, त्यावरून आगरी. करंजा, मोरा ही कोळ्यांची जुनी ठाणी. या लोकांचे लग्न लागते ते धवलारणीच्या मुखाने. धवले म्हणजे लग्नातली गाणी. तेराव्या शतकातल्या महदंबेच्या धवळ्यांशी त्यांचे नावाचे नाते उघड आहे. धवलारीण ही केवळ गाणारी नव्हे. लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. कोळीगीतांची वाट निराळी. ती तबकडीवर आली, १९८० नंतर कॅसेटवर आली, वेसावकर आणि मंडळींसारख्या संचांनी ती घरोघर पोचवली, आणि आता हळदीच्या रात्री त्यांचीच रिमिक्स रूपे वाजतात.

याच काळात या लोकांच्या पायाखालची जमीनही गेली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भरपाईच्या मागणीसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले; जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले. मिठागरे आणि भातखाचरे भरावाखाली गेली. ज्याची जमीन गेली, त्याच्या घरच्या हळदीला आवाज मोठा का असतो, हा प्रश्न आपण खिडकी लावून घेताना स्वतःला विचारलेला नाही. किंग्स्टनच्या अंगणातही हेच होते. ज्यांच्या नावावर काही नव्हते, त्यांचा आवाज रात्रभर त्या मोहल्ल्याचा मालक होता.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही स्पष्ट मांडली पाहिजे. आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला, अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला झोप हवी असते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास बंदी आहे, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादांस बळकटी दिली आहे. हा कायदा योग्यच आहे. शिवाय या आवाजाखाली सर्वांत आधी जी दबली ती आपली इमारत नव्हे, तर मांडवातली धवलारीण. एका हळदीला आम्ही गेलो होतो. मांडवाच्या कोपऱ्यात एक वृद्ध बाई ओठ हलवीत होत्या. बाहेर खोक्यांची भिंत धडधडत होती. शेजारच्या मुलीला विचारले, आजी काय म्हणताहेत? ती म्हणाली, ‘धवला सांगतंय आजी, पन ऐकू येत नाय.’ गाणे चालू होते, आणि ते कोणालाही ऐकू येत नव्हते.

आम्हांस वाटते, येथेच जमैकाचा इतिहास उपयोगी पडतो. त्या लोकांनी ध्वनिक्षेपक बंद केला नाही आणि तो नुसता वाढवतही नेला नाही. त्यांनी त्याला खाली शिकवली. आपल्या यंत्राने बेरीज तेवढी आत्मसात केली. यातला दोष एकट्या यंत्र चालवणाऱ्या मुलाचा नव्हे. आपल्या बोलण्यातच पाहा. जमैकात ‘डीजे’ म्हणजे माणूस, आणि कारागिराला लोकांनी ‘किंग’ केले. आपल्याकडे ‘डीजे आणला’, ‘डीजे लावला’, ‘डीजे बंद केला’ असे आपण म्हणतो. म्हणजे डीजे हे खोके झाले, आणि त्यामागचा माणूस शब्दातूनही नाहीसा झाला. ज्याला आपण कलावंत मानीत नाही, त्याच्याकडून कलेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

मात्र जमैकाचे सारेच अनुकरणीय आहे असेही नाही. एकाच चालीवर शेकडो तबकड्या निघाल्या, पण ती चाल प्रथम वाजवणाऱ्या वादकांपैकी पुष्कळांच्या हाती फारसे काही पडले नाही. किंग टबी स्वतः ६ फेब्रुवारी १९८९ रोजी घराबाहेर गोळी लागून मरण पावले. कीर्ती मिळाली म्हणून न्याय मिळतोच असे नाही. उद्या एखाद्या तरुणाने आजीचा धवला मोबाइलवर मुद्रित केला, तो संगणकावर घेऊन त्याखाली खर्ज घातला आणि जगभर पाठवला, तर आजीचे नाव त्यावर असले पाहिजे, आणि पैसा आला तर त्यात तिचा वाटाही असला पाहिजे. हा नियम आरंभीच पाळला तर जमैकाची चूक आपल्या हातून होणार नाही.

आणि हे काम आजच करण्याजोगे आहे. धवले सर्व मुखोद्गत असलेली स्त्री आता आमच्या पाहण्यात क्वचितच येते. तिचा आवाज नीट मुद्रित करून ठेवायला फार मोठे भांडवल लागत नाही. जे यंत्र हळदीला येते तेच पुरे आहे. गावातला साउंडवाला, शाळेतली एखादी शिक्षिका आणि घरातली आजी, एवढ्या तिघांनी एक दुपार एकत्र बसावे. मग हळदीच्या रात्री कायद्याने ठरवलेल्या वेळेत वाजणाऱ्या त्या संगीतात एक क्षण असा यावा की ढोल थांबला आहे, खर्ज काढून घेतला आहे, आणि त्या मोकळ्या जागेत केवळ आजीचा आवाज घुमतो आहे. मग सम यावी आणि सारा मांडव हलावा. तसे झाले, तर द्रोणागिरीच्या इमारतीतला माणूसही कदाचित ऐकण्यासाठी खिडकी उघडेल.